मुलांसाठी घरच्या घरी स्पर्शाचे, आवाजाचे आणि वासाचे खेळसाहित्य: धान्य वाया न घालवता काय करता येईल?

अबोली

नमस्कार. माझा मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे आणि मुलगी नऊ महिन्यांची असून सध्या ती घरभर रांगते. आम्ही पुण्यात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाली माती असलेले अंगण नाही आणि पावसाळ्यात बागेत नेणेही फारसे जमत नाही. ज्याला हल्ली ‘सेन्सरी प्ले’ म्हणतात, म्हणजे हाताला, नाकाला, कानाला काही काम मिळेल असा खेळ, तो घरीच उभा करावा असे मी ठरवले. पण मी जेवढ्या चित्रफिती पाहिल्या, त्यांतील बहुतेकांत परातभर तांदूळ रंगवून मुलांपुढे ठेवलेले होते किंवा साबुदाणा, डाळी आणि शेवया टबात ओतलेल्या होत्या. मी एकदा दोन वाट्या तांदूळ हिरवे रंगवून मुलाला दिले. त्याने ते खोलीभर उडवले आणि सासूबाईंच्या पायाखाली आले. त्या रागावल्या नाहीत; त्यांनी मुकाट्याने दाणा दाणा वेचून घेतला आणि एवढेच म्हणाल्या की अन्नाला पाय लागलेला मला बघवत नाही. खरे सांगायचे तर मलाही ते बघवत नव्हते.

म्हणून मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. धान्य फुकट न घालवता कोणते साहित्य करता येईल? धाकटी प्रत्येक वस्तू तोंडात घालते, तर दोघांचे खेळ एका घरात कसे सांभाळावेत? आणि मुलगा ओल्या, चिकट वस्तूंना हातच लावत नाही. बोटाला वरणभात लागला तरी हात पुढे करून पुसून मागतो. त्याला अशा खेळांची सवय लावावी की त्याच्या मनाविरुद्ध काही करू नये?

बालवाडीताई

अबोली, तुमच्या सासूबाईंचे म्हणणे मला पटते, आणि ते मानूनही मुलांना भरपूर खेळवता येते, हे मी सत्तावीस वर्षे बालवाडीत काढल्यावर खात्रीने सांगू शकते. डहाणू तालुक्यातील ज्या पाड्यांवर मी काम केले, तेथे आया मुलांच्या ताटात पडणारे तांदूळ मोजून शिजवत असत. अशा ठिकाणी खेळासाठी तांदूळ रंगवायचा विचारही आमच्या मनाला शिवला नसता.

आमच्या त्या भागाला या विषयाचा मोठा वारसा आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले; अनुताई वाघ सुरुवातीपासून त्यांच्यासोबत होत्या. दोघींनाही माँटेसरी पद्धतीची चांगली जाण होती. त्या पद्धतीत डोळे मिटून कापडांच्या जोड्या लावणे, डब्या हलवून आवाज जुळवणे, वासाच्या बाटल्या ओळखणे असे फार विचारपूर्वक घडवलेले साहित्य आहे, परंतु ते तयार विकत घेणे खेड्यातील बालवाडीला परवडण्याजोगे नव्हते. तेव्हा त्यांनी साहित्यामागचे तत्त्व ठेवले आणि वस्तू मात्र आसपासच्या घेतल्या: शंख-शिंपले, गोटे, बिया, पाने, काड्या, माती. मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथूनच आला. तुमच्याकडे अंगण नाही हे खरे, पण वस्तू निवडण्याची ही दृष्टी तिसऱ्या मजल्यावरही तेवढीच उपयोगी पडते.

माझे पहिले सांगणे असे की खेळासाठी वेगळे धान्य काढूच नका, जे धान्य आज शिजणार आहे त्याचेच काम मुलाला द्या. रात्रीच्या भाताचे तांदूळ ताटात पसरून आजीने आणि नातवाने मिळून निवडले, तर त्याची बोटे त्यातून फिरतात, दाण्यांची सळसळ कानावर येते, खडा वेगळा पडतो, आणि नंतर तेच तांदूळ धुऊन शिजतात. मटार सोलताना शेंग दाबल्यावर होणारा टप्पकन आवाज मुलांना फार आवडतो. वालाच्या बिरड्याइतका छान स्पर्शाचा खेळ तर मी दुसरा पाहिलेला नाही: भिजवून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात टाकावेत, बोटांनी हलकेच दाबले की साल सुटते आणि गुळगुळीत डाळिंबी निसटून पळते. तीन-चार वर्षांचे मूल यात अर्धा-पाऊण तास गुंतून राहते. अर्थात मोठे माणूस शेजारी बसलेले हवे, कच्चे वाल तोंडात जाता कामा नयेत आणि धाकटी तेव्हा दुसऱ्या खोलीत हवी.

दुसरी गोष्ट मळण्याची. पोळ्यांच्या कणकेतला लिंबाएवढा गोळा, छोटे पोळपाट-लाटणे आणि एक वाटी एवढ्यावर रोजचा खेळ होतो, त्यासाठी निराळे पीठ लागत नाही. पुष्कळ दिवस टिकणारा गोळा हवा असेल तर एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल आणि दोन लहान चमचे लिंबाचा रस हे सर्व गुठळ्या न ठेवता कालवावे आणि जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत हलवत राहावे. तीन-चार मिनिटांत मिश्रण कढईच्या कडा सोडून एकत्र गोळा होते. ते ताटात काढून कोमट असतानाच तेलाच्या हाताने चांगले मळावे. मिठामुळे ते लवकर खराब होत नाही, तेलामुळे हाताला चिकटत नाही, आणि शिजवल्यामुळे कच्च्या पिठाचा चिकटपणा जाऊन मऊ, लवचिक पोत येतो. रंगासाठी हळद, बिटाचा रस किंवा पालकाचा वाटलेला रस पाण्याऐवजी वापरावा. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्यास हा गोळा दोन-तीन आठवडे सहज जातो.

ज्या मुलांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी मैद्याऐवजी तांदळाच्या पिठाची उकड करावी, आपण मोदकांसाठी करतो तशीच: एक वाटी पाण्याला उकळी आणून त्यात चिमूट मीठ आणि चमचाभर तेल घालावे, वाटीभर पिठी टाकून ढवळावे, झाकण ठेवून वाफ आणावी आणि गरम असतानाच पाण्याच्या हाताने मळावे. उकड त्याच दिवशी वापरावी लागते, पण तिच्या पाकळ्या काढताना मुलाची बोटे जे काम करतात ते मैद्याच्या गोळ्यात होत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे ज्यात धान्य मुळीच नाही असे साहित्य. बांधकामाची वाळू आणून बादलीत पाच-सहा वेळा, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवावी, उन्हात कडकडीत वाळवून चाळून घ्यावी, आणि उथळ परातीत दोन बोटे उंचीची भरावी. त्यात रेघा ओढता येतात, पाणी शिंपडले की ठसे उमटतात. रांगोळीची भुकटी मात्र लहानांना परातभर देऊ नये, कारण ती दगडाची बारीक पूड असते आणि हाताने उडवली की नाकातोंडात जाते. चिंचोके, नदीतले गोटे, सागरगोटे, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, काथ्या, करवंटी, लाकडी रवी असे काही जमवून कापडी पिशवीत घालावे आणि न बघता, नुसते चाचपून ओळखायला सांगावे. सुरुवातीला पिशवीत दोनच वस्तू ठेवाव्यात. एका वेळी दहा वस्तू ठेवल्या की मूल ओळखत नाही, पिशवी उपडी करते.

रानवाटा

ताईंनी सांगितलेल्या धान्याच्या मुद्द्याला माझ्या अनुभवाची जोड देतो. दोन वर्षांपूर्वी मी मुलीसाठी तीन किलो तांदूळ वेगवेगळ्या रंगांत रंगवले होते. जुलै महिन्यात डबा उघडला तेव्हा त्यात सोंडे झाले होते आणि तळाला जाळी धरली होती. तांदूळ सुकवताना थोडी ओल राहिली होती, आणि आमच्याकडे रत्नागिरीला पावसाळ्यातील हवेत ती पुढे सुकणे शक्यच नव्हते. तो सगळा तांदूळ टाकावा लागला, याचे मला अजून वाईट वाटते. दमट हवेच्या गावात राहणाऱ्यांनी धान्याच्या टबाचा विचार पावसाळ्यात तरी करू नये असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

त्यानंतर मी आवाजाच्या डब्या केल्या आणि त्या आजही वापरात आहेत. एकाच आकाराच्या, आतले दिसणार नाही अशा सहा लहान डब्या घेतल्या. दोनांत चमचाभर रवा, दोनांत प्रत्येकी पाच चिंचोके आणि दोनांत प्रत्येकी दोन घुंगरू घातले, झाकणे एम-सीलने पक्की बंद केली आणि एक दिवस तशीच राहू दिली. एक डबी हलवायची आणि तिची जोडी आवाजावरून शोधायची, एवढाच खेळ आहे. मुलगी चार वर्षांची झाल्यावर तिने स्वतःच डब्या मोठ्या आवाजापासून हळू आवाजापर्यंत ओळीत लावायला सुरुवात केली.

अर्ध्या लिटरच्या पारदर्शक बाटलीत तीन भाग पाणी आणि एक भाग ग्लिसरीन घालून त्यात दोन-चार रंगीत बटणे सोडली, तर ती नुसत्या पाण्यापेक्षा सावकाश खाली उतरतात, आणि मूल आडवे पडून ते बराच वेळ पाहत राहते. तसेच रंगीत पाणी आणि तेल अर्धे अर्धे भरले तर ते कितीही हलवले तरी पुन्हा वेगळे होतात. या बाटल्यांचे झाकणही चिकटवूनच टाकावे आणि बाटलीला तडा गेलेला नाही ना, हे दर आठवड्याला पाहावे.

दवाखान्यातून

मी बालरोगतज्ज्ञ आहे. वरच्या सूचना चांगल्या आहेत. त्यांत सुरक्षिततेची काही भर घालणे मला आवश्यक वाटते, कारण अशा खेळांतून घडलेल्या अपघातांची मुले मी पाहतो.

अबोली, तुमच्या मुलीसाठी नियम सोपा आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांत लहान भाग नसावेत आणि ते तपासण्यासाठी जी प्रमाणित नळी वापरली जाते तिचा व्यास सुमारे 32 मिलिमीटर असतो. घरी टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याची नळी वापरावी. ती याहून थोडी रुंद असल्याने तपासणी अधिकच कडक होते. जी वस्तू त्या नळीतून आरपार जाते ती तुमच्या मुलीच्या हाती लागेल अशी ठेवू नये. चिंचोके, सागरगोटे, बटणे, राजमा, हरभरे, शेंगदाणे हे सर्व त्यात आले. मुलगाही अजून तीन वर्षांचा झालेला नाही, म्हणून पिशवीतल्या खेळात त्याच्यासाठी करवंटी, रवी, मोठे गोटे अशाच वस्तू ठेवाव्यात. धाकटीसाठी एक वेगळी टोपली करा: लाकडी चमचा, स्टीलची वाटी, घोसाळ्याची जाळी, लोकरीचा घट्ट विणलेला चेंडू, सुती रुमाल. बसू लागलेल्या बाळासमोर रोजच्या वापरातील अशा वस्तूंची टोपली ठेवण्याची पद्धत एलिनॉर गोल्डश्मीड या ब्रिटिश बालशिक्षणतज्ज्ञांनी रूढ केली आणि ती आपल्या घरांना अगदी साजेशी आहे. वस्तू रोज धुऊन पुसाव्यात.

आता बियांविषयी. लाल-काळ्या गुंजा दिसायला इतक्या सुंदर असतात की लोक त्या हौसेने जमवतात, पण गुंज चावली गेली किंवा तिला भोक पाडले तर आतले विष जीव घेऊ शकते. एरंडाच्या बिया, बिट्टीची फळे, कण्हेरीची पाने व फुले आणि धोतऱ्याची बोंडे यांनाही घरात जागा देऊ नये. सीताफळाच्या बिया गुळगुळीत असल्या तरी त्यांची पूड डोळ्यांना गंभीर इजा करते, म्हणून फोडलेली बी मुलांच्या हाती येऊ देऊ नये. कच्चा राजमा चावून खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात. कोणतीही बी नाकात किंवा कानात अडकली तर घरी चिमट्याने काढायचा प्रयत्न करू नये आणि पाणीही सोडू नये, कारण ओल लागली की बी फुगते आणि जास्त घट्ट बसते. सरळ दवाखान्यात न्यावे.

पाण्यात टाकले की मोठे होणारे जेलचे रंगीत मणी बाजारात सर्वत्र मिळतात. लहान मुले असलेल्या घरात ते आणूच नयेत, असे मी ठामपणे सांगतो. गिळलेला मणी आतड्यात फुगत जाऊन मार्ग बंद करू शकतो आणि साध्या एक्स-रेमध्ये तो बहुधा दिसतही नाही. तसाच बुळबुळीत स्पर्श हवा असेल तर मोठा चमचाभर सब्जा कपभर पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवावा. प्रत्येक दाण्याभोवती मऊ आवरण धरते, आणि भिजल्यावर तो सरबतातही चालतो. ‘स्लाइम’ करण्यासाठी टाकणखार वापरण्याच्या कृती मुलांसाठी योग्य नाहीत. फुग्यात पीठ भरून दाबायचे चेंडू करू नयेत, कारण फुटलेल्या फुग्याचा तुकडा श्वासनलिकेवर चिकटून बसतो. त्याऐवजी जुन्या मोज्यात वाळू भरून दुहेरी शिवण घालावी.

वासाच्या पुरचुंड्या अनेकजण करतात. त्यांत वेलदोडा, दालचिनी, ओवा, वाळा, सुंठ घालावे. कापूर मात्र अजिबात वापरू नये, कारण त्याचा लहानसा तुकडा गिळला तरी मुलाला थोड्याच वेळात झटके येऊ शकतात. डांबराच्या गोळ्याही नकोत. काही मुलांमध्ये रक्तातील एका विकराची जन्मजात कमतरता असते आणि त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांमुळे फुटतात.

बालवाडीताईंनी दिलेल्या मैद्याच्या गोळ्यात मिठाचे प्रमाण खूप आहे. एखादा घास बहुतेक मुले थुंकून टाकतात, परंतु जे मूल पीठ खातच राहते त्याला तो गोळा देऊ नये, कारण जास्त मीठ लहान शरीराला घातक असते. घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही तो दूर ठेवावा. पाण्याच्या खेळाबद्दल एकच: टबात काही इंच पाणी असले तरी फोन घ्यायलाही उठू नये, आणि खेळ संपताच टब उपडा करावा.

स्पर्शवेल

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणून अबोली यांच्या तिसऱ्या प्रश्नापुरते लिहिते.

चिकट वस्तू नकोशी वाटणे या वयात पुष्कळ मुलांमध्ये दिसते आणि तेवढ्यावरून काही दोष आहे असे समजू नये. अशा मुलाचा हात धरून पिठात घालणे, किंवा ‘बघ, काही होत नाही’ म्हणत त्याच्या गालाला लावणे, हे प्रेमाने केले तरी उलट परिणाम करते: नकोशा स्पर्शाला आता मोठ्यांची जबरदस्तीही जोडली जाते आणि मूल पुढच्या वेळी परात पाहूनच दूर जाते. स्पर्श किती, केव्हा आणि कुठे थांबवायचा हे त्याच्या हातात राहिले पाहिजे.

कोरड्यापासून ओल्याकडे आणि ओल्यापासून चिकटाकडे अशा पायऱ्या ठरवाव्यात. पहिले काही दिवस कोरडी वाळू आणि हातात चमचा किंवा ब्रश द्यावा, म्हणजे वाळू हाताला लागण्याची सक्ती नाही. नंतर त्याच वाळूवर पाण्याचा फवारा मारायचे काम त्याच्याकडे द्यावे. त्यानंतर कॉर्नफ्लोअर घट्ट कालवून झिपच्या पिशवीत भरावे, कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि पिशवी खिडकीच्या काचेला चिकटवावी. मूल बाहेरून दाबते, आतले सरकताना पाहते, आणि बोट कोरडेच राहते. मग कधीतरी दोन वाट्या कॉर्नफ्लोअरमध्ये एक वाटी पाणी घालून ते मिश्रण मोकळे पुढे ठेवावे. यात एक गंमत आहे जी अशा मुलांना विशेष भावते: पटकन बोट मारले तर ते घट्ट लागते, सावकाश दाबले तर बोट आत जाते, आणि हातावरचे वाळले की झटकून पडते. उरलेले मिश्रण मोरीत ओतू नये, कारण ते तळाशी बसून नळी तुंबवते. ताटात वाळू द्यावे आणि कचऱ्यात टाकावे.

प्रत्येक वेळी शेजारी ओला रुमाल आणि पाण्याची वाटी ठेवावी आणि ‘नको वाटले की पूस’ असे आधीच सांगावे. हात लगेच स्वच्छ करता येतो हे कळले की मूल एरवीपेक्षा जास्त धीर करते. खेळाआधी पाच-दहा मिनिटे अंगाला जोर लागेल असे काम दिल्यासही फरक पडतो: उशा एका खोलीतून दुसरीत वाहणे, भाजीची पिशवी ओढणे, भिंत दोन्ही हातांनी ढकलणे, कणीक मुठींनी तिंबणे. दाबाचा भक्कम स्पर्श बहुतेक मुलांना शांत करतो, तर हलका, अचानक झालेला स्पर्श त्यांना टोचतो.

तपासणी केव्हा करावी हेही सांगते. मूल मोजकेच चार-पाच पदार्थ खात असेल, अंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे, शिवलेले कपडे घालणे यांवरून रोज आकांत होत असेल, किंवा सोबत बोलणे उशिरा येत असेल आणि हाकेला ओ मिळत नसेल, तर घरच्या खेळांवर थांबून न राहता बालरोगतज्ज्ञांकडे जावे. संवेदनांच्या एकत्रीकरणाचा विचार, म्हणजे स्पर्श, आवाज, हालचाल यांची माहिती मेंदू कशी जुळवतो याचा विचार, अमेरिकेतील जीन आयर्स यांनी 1970 च्या दशकात मांडला आणि आमच्या व्यवसायात त्याचा मोठा उपयोग होतो. परंतु त्यावर आधारलेल्या उपचारांच्या परिणामाविषयीचे संशोधन मर्यादित आहे, असे अमेरिकन बालरोग अकादमीने 2012 साली नोंदवले होते. म्हणून कोणी या खेळांनी मूल नक्की बरे होईल असे आश्वासन देऊन महागडे साहित्य घ्यायला सांगत असेल, तर सावध राहावे. घरातल्या परातीने जे होते ते त्या साहित्याने अधिक होईलच असे नाही.

अबोली

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहीत आहे, कारण करून पाहिल्याशिवाय उत्तर द्यावेसे वाटले नाही.

सर्वांत आधी मी घरातली देव्हाऱ्याजवळची कापराची डबी वरच्या फळीवर हलवली आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्या काढून टाकल्या. त्या दोन्ही गोष्टी रांगणाऱ्या मुलीच्या हाताशी होत्या, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. मुलीला टोपली दिली आहे. तिला घोसाळ्याची जाळी सर्वांत जास्त आवडते.

मुलाचा खेळ आता ती झोपलेली असताना, जेवणाच्या टेबलावर आणि एकाच परातीत असतो. तांदूळ निवडायला सासूबाई स्वतः त्याला बोलावतात. त्यांनी जुन्या साड्यांच्या पेटीतून खण, मलमल, सॅटिन, गोणपाट आणि माझ्या आजेसासऱ्यांच्या घोंगडीचा कोपरा असे प्रत्येकी दोन चौकोन कापून, कडा दुमडून शिवून दिले. घोंगडी टोचते म्हणून तो ती आधी बाजूला ठेवायचा, आता मात्र डोळे मिटून सर्वांत आधी तीच शोधून काढतो. काचेवरची पिशवी त्याला आवडली. मोकळ्या कॉर्नफ्लोअरला त्याने सोळाव्या दिवशी एका बोटाने हात लावला आणि लगेच पुसला. दुसऱ्या दिवशी दोन बोटे घातली. मळलेल्या कणकेचे त्याला अजून वावडे आहे, तेव्हा मी तिथे थांबले आहे.

बिरड्याचे वाल त्याने सोलले नाहीत, पण पाण्यातून चमच्याने काढून वाटीत ठेवले. पाणी ओले असले तरी चिकट नसते, असे त्याचे त्यानेच मला समजावून सांगितले.

एक प्रश्न राहिला. दिवाळी जवळ येत आहे आणि आमच्या इमारतीतली मोठी मुले वाहनतळाच्या कोपऱ्यात किल्ला करणार आहेत. त्याला तिथे घेऊन जावे असे फार वाटते. मातीची काय काळजी घ्यावी?

बालवाडीताई

अवश्य न्या. आपल्याकडच्या मुलांना मातीत कोपरापर्यंत हात घालण्याची इतकी मोकळीक वर्षातून क्वचितच मिळते.

माती कुठून आली हे मुलांना विचारा. बांधकामाच्या ढिगाऱ्यातली असेल तर तिच्यात काच आणि खिळे असतात, आणि कुत्र्या-मांजरांचा वावर असलेल्या जागेची असेल तर ती घेऊ नये, कारण तिच्यात जंतांची अंडी असण्याची शक्यता असते. रोपवाटिकेतली किंवा शेतातली माती मिळाली तर दोन दिवस कडक उन्हात पसरून मोठ्या भोकांच्या चाळणीने चाळावी. मुलाची नखे आदल्या दिवशी कापावीत, हाताला जखम असेल तर झाकावी, पायात चप्पल असावी, आणि खेळ झाल्यावर साबणाने नखांपर्यंत हात धुवावेत. वाहनतळ आहे, तेव्हा किल्ल्याच्या बाजूने गाड्या लागणार नाहीत याची व्यवस्था आधी करून घ्या.

त्याला चिखल कालवायला बसवू नका. मोठी मुले बुरुज थापतील तेव्हा त्याला पाण्याचा तांब्या आणि ब्रश द्यावा, गोणपाटावर चिखलाचे पाणी फासण्याचे काम त्याला जमेल, आणि दगड आणून देण्याचेही. शेवटी किल्ल्याच्या उतारावर हळीव किंवा मोहरी पेरायची असते. ते बी त्याच्या मुठीत द्या आणि त्यालाच टाकू द्या. हळीव ओला झाला की बुळबुळीत होतो, म्हणून बी कोरडे असतानाच पेरावे आणि पाणी नंतर हाताने शिंपडावे. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी पेरलेत तर लक्ष्मीपूजनापर्यंत उतार हिरवा दिसेल. तोवर रोज सकाळी पाणी शिंपडण्याचे काम त्याच्याकडेच असू द्या.